मांडीत रॉड आहे. फेब्रुवारीत नागपूर ते आनंदवन सायकल जमेल का?

अजनीकर (प्रश्न)

लहान भाऊ, वय ३४. एप्रिलमध्ये ट्रकच्या धडकेत उजवी मांडी मधोमध मोडली. डोक्याला मार नाही. कमरेकडून रॉड टाकला आहे, वर आणि खाली स्क्रू. आता सहा महिने होत आले. काठी सुटली, गुडघा १०५ अंशांपर्यंत वाकतो, जिना एकेक पायरीनं उतरतो, थोडं लंगडतो. मोडलं त्या जागी दुखत नाही. पण चालून आलं की गुडघ्याच्या जरा वर, बाहेरच्या अंगाला ठणकतं.

८ आणि ९ फेब्रुवारीला नागपूरहून वरोऱ्याच्या आनंदवनात सायकलनं जायचं त्यानं ठरवलं आहे. ९ फेब्रुवारी हा बाबा आमट्यांचा स्मृतिदिन. त्या निमित्तानं संस्थेसाठी पैसे उभे करायचे. अंतर ११० किमीच्या घरात. "किलोमीटरमागे ५० रुपये द्या" असं तो ओळखीच्यांना सांगून राहिला आहे. साधी हायब्रिड सायकल आहे, १७५ मिमीचा क्रँक (पॅडलचा दांडा). पाय तयार आहे हे ओळखायचं कसं, सायकलमध्ये काय बदलायचं, रस्ता कोणता आणि पैशांचं नीट कसं करायचं? जाणकारांनी सांगावं. त्याला थांबवायचं नाही, पण पुन्हा ऑपरेशन टेबलवरही पाहायचं नाही.

धंतोली_फिजिओ

दादा, तुमच्याकडे तारीख आधी ठरली आणि पाय मागून येतो आहे. हा क्रम उलटा करा.

पहिलं काम ताजा एक्स-रे, समोरून आणि बाजूनं. दोन्ही मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. चारपैकी निदान तीन कडांवर नव्या हाडाचा पूल बांधला गेला आहे का, एवढा एकच प्रश्न ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना विचारा. "आत रॉड आहे ना, मग काय होते?" हे पेशंटच्या तोंडी नेहमी असतं, आणि तिथंच घात होतो. हाड जुळलं नसेल तर सगळा भार रॉड आणि स्क्रूवर येतो. हजारो वेळा वाकून धातूही थकतो, आधी स्क्रू तुटतो, मग रॉड. भाऊ खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असेल तर आजच बंद. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, हाडाला रक्त कमी पोचतं आणि जुळणं लांबतं. हे नागपुरात वेगळं सांगावं लागतं, म्हणून लिहिलं.

बाहेरच्या अंगाचा ठणका बहुतेक खालच्या स्क्रूचा असावा. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत एक जाड पट्टा येतो. गुडघा वाकला-सरळ झाला की तो पुढे-मागे सरकतो आणि स्क्रूच्या डोक्यावर घासतो. सायकलवर मिनिटाला ८० फेरे धरले तर तासाला ४,८०० वेळा घासणार. बोटानं दाबून नेमकी जागा दुखते का पाहा आणि एक्स-रे दाखवताना सर्जनना तीच जागा दाखवा.

लंगडण्याचं कारण वेगळं. रॉड कमरेकडून घालताना कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूतून वाट काढावी लागते. तो कमजोर राहिला की उजव्या पायावर उभं राहताना डावी कंबर खाली झुकते. डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय सरळ वर उचलायचा, टाच आधी, बोटं छताकडे वळवायची नाहीत. १२ चे ३ फेरे, दिवसाआड. बोटं वर वळली की पुढचा स्नायू काम करतो आणि ज्याच्यासाठी व्यायाम चाललाय तो झोपून राहतो. ही चूक दहातले आठ जण करतात.

रस्त्यावर सायकल काढण्याआधी मी या गोष्टी पाहतो: ४५ सेंमी उंचीच्या खुर्चीवरून हात न लावता फक्त उजव्या पायावर १० वेळा उठणं, आरशासमोर त्याच पायावर ३० सेकंद, कंबर न झुकता, गुडघा ११५ अंश, आणि गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंमी वर टेपनं मोजलेल्या दोन्ही मांड्यांच्या घेरात २ सेंमीपेक्षा कमी फरक. खुर्चीची चाचणी जमत नसेल तर बाकीच्या पाहायचीही गरज नाही.

सरावात दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलेलं हवं. सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर पुढच्या वेळी अंतर निम्मं. मोडलेल्या जागी भार दिल्यावर दुखलं तर सायकल बंद आणि एक्स-रे. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं आलं तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८. निघण्याआधी डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन बसू नये. घामानं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला बाधते, आणि जे दुखणं कळायला हवं तेच झाकून टाकते.

पॅडल_सीताबर्डी

वरच्यांचं झालं की मगच माझं वाचा.

गुडघा १०५ ला अडतो म्हणजे १७५ चा क्रँक आज चालणार नाही. पॅडल सर्वात वर आलं की गुडघा साधारण ११० च्या आसपास वाकावा लागतो. तिथं तो अडला की माणूस नकळत उजवी कंबर उचलतो आणि तासाभरात पाठ धरते. पेशंट "पाठ दुखते" म्हणतो, दोष क्रँकचा असतो. १६० किंवा १६५ चा क्रँक बसवा. (माप क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेलं असतं.) गणित असं: क्रँक १० मिमीनं लहान झाला की पॅडल खाली तेवढंच कमी उतरतं, म्हणून सीट १० मिमी वर घेता येते. वरच्या टोकाला पॅडल १० मिमी कमी चढतं. दोन्ही मिळून गुडघ्याला २० मिमी जागा सुटते. फक्त सीट वर चढवून भागवलं तर खाली पाय ताणला जातो आणि तोच बाहेरचा पट्टा जास्त घासतो.

सीट लावताना अनवाणी टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वात खाली, गुडघा जेमतेम सरळ. तिथून पुढे एका वेळी ५ मिमी, आणि एका वेळी एकच बदल. दोन बदल एकत्र केले तर कशानं बरं वाटलं तेच कळत नाही.

मांडी मोडल्यावर पाय थोडा आखूड राहिलेला असू शकतो. फिजिओंकडून मोजून घ्या. १ सेंमीच्या आत असेल तर बहुतेकांचं काही न करता निभतं. जास्त असेल तर उजव्या बुटाच्या तळाखाली पट्टी, पण फरकाच्या निम्मीच.

पॅडल सपाट आणि खिळ्यांची. बूट अडकणारी पॅडल नकोत. ती सोडवायला टाच बाहेर झटकावी लागते आणि तो पीळ गुडघ्यावरच येतो. गिअर हलके: पुढे ३४ दाती किंवा त्याहून लहान, मागे ३२. जड गिअरमध्ये मिनिटाला ५५ फेऱ्यांनी दाबत जाण्यापेक्षा हलक्यावर ८०. टायर ३२ ते ३५ मिमी रुंद, हवा ६० पीएसआयच्या आसपास. टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नका. चढताना सायकल डावीकडे बरीच कलती करा आणि जमल्यास फुटपाथच्या कडेवर उभं राहून उजवा पाय पलीकडे टाका. तोल जाऊन पडणं चालवताना कमी, चढता-उतरताना जास्त होतं.

जामचौरस्ता

सराव मध्य ऑक्टोबरपासून धरला तर हातात १६ आठवडे आहेत. पहिले तीन आठवडे घरातच, सायकल स्टँडवर लावून, आठवड्यातून तीनदा, १५ मिनिटांपासून ४० पर्यंत, जोर न लावता. पुढचे तीन फुटाळा-तेलंगखेडी भागात पहाटे, १० ते २० किमी. सेमिनरी हिल्सचा चढ तेव्हा नको. सातव्या ते दहाव्या आठवड्यात लांबची फेरी २५ वरून ४० वर, चौदाव्यापर्यंत ६०. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करा. स्नायू त्या आठवड्यात भरतो. पंधराव्यात शनिवारी ४५, रविवारी ३०. ही लागोपाठची जोडी सर्वात महत्त्वाची, कारण दुसऱ्या दिवशी पाय काय म्हणतो ते इथंच कळतं. शेवटचा आठवडा हलका.

रस्ता वर्धा रोडनं बुटीबोरी, सरळ जाम, तिथून नंदोरी, खांबाडा, वरोरा. बुटीबोरीहून उजवीकडे सेलू-पवनारचा रस्ता फुटतो, तो नाही. समृद्धीवर सायकलला बंदी आहे, तो विचार कुणी सुचवला तरी करू नका. पहिल्या दिवशी जामपर्यंत, साधारण ६५ किमी. मुक्काम हिंगणघाटला, पण तिथपर्यंत सायकल गाडीवर चढवून. दुसऱ्या दिवशी गाडीनं परत जामला येऊन उरलेले ४५ च्या आसपास.

त्या दिवसांत बुटीबोरीला कारखान्यांचे ट्रक आणि जामकडे कापसाच्या गाड्या असतात. कापसाचा बोजा बाजूला फुगलेला असतो, ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला त्याचा अंदाज राहत नाही. गाडी मागून येताना ऐकू आली की डाव्या कडेला स्थिर राहा, वळून बघू नका; मान वळली की हँडलही वळतं. आरसा लावा. वरोऱ्याकडे कोळशाच्या ट्रकांची धूळ असते, मास्क आणि चष्मा हवा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. उजाडल्यावर निघा, ११ पर्यंत त्या दिवसाचं बहुतेक अंतर संपवा. सोबतची गाडी सायकलच्या मागे १५ च्या वेगानं चालवू नका. मागून ८० नं येणाऱ्याला ती अचानक समोर येते आणि धडक तुमच्याच माणसावर ढकलली जाते. गाडीनं पुढे ५ किमी जाऊन रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबावं, सायकल आली की पुन्हा पुढे. हायवेवर अडलं तर १०३३ या हेल्पलाइनला फोन.

निघण्याआधी पोहे खा, पण तर्री नको. तेल-तिखट पोटात बसून राहतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि त्यातलं निम्मं ओआरएस. घरी करायचं तर १ लिटरला साखर चहाचे ६ सपाट चमचे, मीठ चहाचा अर्धा चमचा. मीठ अंदाजानं टाकू नका. दर तासाला एक केळ आणि चिक्कीची वडी.

हिशोबनीस

किलोमीटरमागे ५० ची योजना आजच मोडा. ७० व्या किलोमीटरला मांडीत कळ आली तर त्याच्या डोक्यात दुखणं येणार नाही, उरलेले २,००० रुपये येतील. लोकांकडून ठरावीक रक्कम घ्या, निघण्याआधी, आणि पत्रकावर स्पष्ट लिहा की अंतर पूर्ण झालं नाही तरी ती संस्थेलाच जाईल. १९८५ च्या भारत जोडो यात्रेत तरुण सायकलींवर होते आणि खुद्द बाबा पाठीच्या दुखण्यामुळे सोबतच्या गाडीत आडवे पडून देशभर गेले. आनंदवनात गाडीनं पोहोचण्यात कमीपणा नाही.

भावानं स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नये. धर्मादाय कामासाठी स्वतः वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावं लागतं, गणेश मंडळं जातात तसं. त्यापेक्षा आधी आनंदवन चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीला पत्र लिहा, उपक्रम सांगा, लेखी होकार घ्या आणि दात्यांना थेट संस्थेच्या खात्याकडे पाठवा. रकमेच्या शेऱ्यात एक ठरलेला शब्द टाकायला सांगा, म्हणजे तुमच्यामुळे किती आले हे मोजता येईल. देणगीवरची ८०जी ची आयकर सवलत हवी असणाऱ्यांनी पॅन द्यावा. २,००० च्या वर रोख दिली तर सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीतल्यांना ती मुळातच नाही. हे आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात. अमेरिकेतला नातेवाईक तिथला नागरिक झाला असेल तर त्याचा पैसा परदेशी ठरतो, तो संस्थेच्या एफसीआरए (परदेशी देणग्यांसाठीच्या) खात्यातच जायला हवा. भारतीय पासपोर्टवाल्याला ही अट नाही.

गाडी, डिझेल, मुक्काम हा खर्च घरचा. निधीतून एक पैसाही नाही, आणि तसं लिहून टाका. आणि आनंदवनात कधी, किती जण येणार ते आधी कळवा. तिथं माणसं राहतात. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो नको.

अजनीकर

सर्वांचे मनापासून आभार. भावाला सगळं वाचून दाखवलं, किलोमीटरचा हिशोब त्यानं लगेच रद्द केला. एक्स-रे शनिवारी आहे. दाबल्यावर नेमकी तीच जागा दुखते. हाड जुळलं असेल आणि सर्जन म्हणाले की डिसेंबरात खालचा स्क्रू काढू, तर ८ फेब्रुवारी राहते का?

धंतोली_फिजिओ

हायवेवरची नाही राहत. स्क्रू काढला की हाडात भोक उरतं, आणि ते भरेपर्यंत हाड नेमकं तिथंच कमजोर असतं. निदान सहा आठवडे पडणं-पीळ बसणं टाळायचं, आणि तुमचा सराव तर नेमका तेव्हाच ४० वरून ६० वर जायचा आहे. सर्जन स्क्रू काढायचं म्हणाले तर विचारा, मार्चपर्यंत थांबलं तर चालेल का. ठणका दहापैकी तीनच्या आत राहत असेल तर बहुतेक वेळा थांबता येतं, छोटा क्रँक बसवल्यावर तो कमीही होऊ शकतो. थांबता येत नसेल तर ९ तारखेला वरोऱ्यापर्यंत गाडी आणि सर्जननी हो म्हटलं तर गावातून आनंदवनाच्या फाटकापर्यंत सायकल. पत्रक अजून छापलं नसेल तर त्यावर "११० किमी" असं लिहूच नका, "९ फेब्रुवारी, आनंदवन भेट" एवढंच लिहा.