आयर्लंडमधले घरगुती उपाय: तुम्ही काय पाहिलंत?

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना विचारून गावोगावचे उपाय वह्यांत उतरवले. त्या वह्या आता ऑनलाइन आहेत आणि मी झपाटल्यासारखी वाचतेय. रांजणवाडीवर गूजबेरीचे दहा काटे घ्यायचे, नऊ डोळ्यावर रोखायचे, दहावा फेकून द्यायचा! इथे राहणाऱ्यांनो, यातलं तुमच्या डोळ्यांसमोर काय घडलंय? ऐकीव नको.

गॉलवेकर: लेकीच्या पोटऱ्यांना नेटल, म्हणजे आग करणारं रानटी झुडूप, लागून गांधी उठल्या. शेजारच्या आजींनी तिथलंच डॉकचं रुंद पान चुरगळून रस निघेपर्यंत चोळलं. पाच मिनिटांत रडं थांबलं.

रात्रपाळी: मी नर्स आहे. मैत्रिणीला कमरेवर नागीण झाली, तेव्हा तिची आई तिला 'क्युअर', म्हणजे ते दुखणं उतरवण्याची विद्या, असलेल्या बाईंकडे घेऊन निघाली. गाडी मी चालवली. साधं शेतकऱ्याचं घर, चुलीपाशी ओले बूट वाळत घातलेले. बाईंनी पुरळाला हात न लावता वरून बोटाने क्रूस काढला, पुटपुटत प्रार्थना म्हटली. वडिलांकडून त्यांच्याकडे आलेली विद्या. पैसे घेत नाहीत, आणि आभारही मानायचे नाहीत, नाहीतर गुण जातो. निघताना माझ्या ओठांवर आलेलं 'थँक यू' मैत्रिणीच्या आईने कोपर मारून थांबवलं. मैत्रिणीला त्या रात्री शांत झोप लागली, याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण डॉक्टरांच्या विषाणूरोधक गोळ्या तिने आधीच सुरू केल्या होत्या. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत त्या सुरू करायला हव्यात. आधी डॉक्टर, मग हवं तर क्युअर.

उत्तरेकडची: उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्यातल्या बोहो गावाला जाऊन आले. १८१५ साली वारलेल्या फादर मॅकगिर यांच्या कबरीवरची माती लोक पुडीत नेतात, उशाखाली ठेवतात आणि परत आणून टाकतात. त्या परिसरातल्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूचा नवा प्रकार सापडल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेत तो एमआरएसएची, म्हणजे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूची, वाढ रोखतो. पुडीने दुखणं जातं असं यातून सिद्ध होत नाही, तरी मला फार भारी वाटलं.

कॉर्कची सून: खोकल्यावर कॅरगीन. वाळवलेलं समुद्रशेवाळ भिजवून मंद आचेवर शिजवायचं, गाळायचं, लिंबू आणि मध घालायचा. बुळबुळीत लागतं, पण घशाला खरंच आराम पडतो.

मेयोवासी: आमच्या घरमालकांना लहानपणी डांग्या खोकल्यासाठी गाढवाच्या पोटाखालून काढलं होतं. धागाकर्ती, वह्यांत हे आहे का?