देवानं ते झाड लावलंच कशाला?

मिरजकर
रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत मुलांना बायबलमधल्या उत्पत्तीचा तिसरा अध्याय घेत होतो, सापाच्या सांगण्यावरून आदम-हव्वा देवानं मना केलेलं फळ खातात तो. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, फळ खायचं नव्हतं तर देवानं ते झाड बागेत लावलंच कशाला?" मी ठरलेलं उत्तर दिलं. दुसरी वाटच नसेल तर आज्ञा पाळण्याला काय किंमत? चावी दिलेलं खेळणंही सरळच चालतं. पोरगी गप्प बसली, पण पटलं म्हणून नव्हे, डबे उघडायची वेळ झाली म्हणून.

मला ते उत्तर पटतं. आठवीत असताना तासगावला मामाकडे गेलो होतो. रात्री आम्ही चौघं शेजारच्या बागेत शिरलो आणि द्राक्षांचे घड तोडले. मण्यात अजून पाणी उतरलं नव्हतं, एक चावला तर दात आंबले. खाल्ले नाहीतच. एकेक घड विहिरीत टाकत बुडुक आवाज ऐकत बसलो. भूक नव्हती, मालकाशी वैर नव्हतं. पुढे कळलं की ख्रिस्ती धर्माचार्य संत ऑगस्टीननंही (३५४–४३०) सोळाव्या वर्षी असंच केलं होतं. शेजारच्या झाडाची नासपती चोरून डुकरांपुढे टाकली होती. तो म्हणतो, वाईट ही देवानं घडवलेली वस्तूच नाही, ती चांगल्यातली उणीव आहे. आपल्याकडच्या रस्त्यातल्या खड्ड्यासारखी. खड्डा कुणी आणून टाकत नाही, रस्ता गेला की तो उरतो. देवानं स्वातंत्र्य दिलं, खड्डा आपण पाडला.

कृष्णाकाठ
खड्ड्याचा दाखला स्वतःच दिलात ते बरं केलंत. नवाकोरा रस्ता पहिल्याच पावसात उखडला तर आपण शिव्या कुणाला घालतो? रस्त्याला? आदम-हव्वा तर देवाच्या हातून नुकतेच उतरलेले, संगत बिघडायलाही दुसरा माणूस नव्हता. मग ऐकण्याआधीच सापाचं म्हणणं गोड वाटेल अशी खोट त्यांच्यात आली कुठून? सैतानानं भुलवलं म्हणाल, तर सैतानाला कुणी भुलवलं?

जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञानं १९५५ साली विचारलं होतं की, दर वेळी स्वखुशीनं चांगलंच निवडतील अशी माणसं सर्वशक्तिमान देवाला का घडवता आली नाहीत? तुमच्या स्वर्गात पाप नाही आणि माणसं खेळणीही नाहीत. म्हणजे जमतं की! मग इथं का नाही?

मिरजकर
मॅकीला १९७४ साली अल्विन प्लँटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञानं उत्तर दिलंय. मी काय निवडायचं ते देवानंच घडवून आणलं तर ती निवड माझी राहत नाही. हे देवालाही जमत नाही, कारण मुळात ते वाक्यच अर्थहीन आहे. स्वर्गाचं म्हणाल तर तिथवर माणूस घडत घडत जातो. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती बिशप इरेनियस आदम-हव्वेला लेकरांसारखं कच्चंच मानतो.

कृष्णाकाठ
म्हणजे माल कच्चा होता हे कबूल. बरं.

पाटणकर
तुमची द्राक्षं राहू द्या विहिरीत. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट घ्या. कोयनेच्या भूकंपात आमच्या आजीचं घर बसलं. दगडमातीची भिंत, थंडीमुळे सगळी पोरं एका घोंगडीखाली. आजीचा हात बाहेर होता म्हणून ती सापडली. धाकटा भाऊ नाही. चार वर्षांचा होता. त्यानं कोणतं फळ खाल्लं होतं? पोर्तुगालच्या लिस्बनला १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी भूकंप झाला. सर्व संतांचा सण, माणसं चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली. छप्पर त्यांच्याच डोक्यावर आलं. यात इच्छास्वातंत्र्य कुणाचं, जमिनीचं?

हळदवाली
पण कोयनेचा भूकंप धरणात साठलेल्या पाण्यामुळे झाला असं शास्त्रज्ञ मानतात ना? मग तो माणसाच्याच खात्यावर.

पाटणकर
धरण विजेसाठी बांधलं, ताई, कुणाला मारायला नव्हे. न कळणं हे पाप धरायचं तर मग बोलणंच खुंटलं.

खटावचा वारकरी
आमच्यात पूर्वजन्मीचं कर्म म्हटलं की काम भागतं. (मला स्वतःला ते चार वर्षांच्या पोराच्या बाबतीत कधी म्हणवलं नाही.) एक मात्र खरं, माउलींनी पसायदानात खळांचा नाश मागितला नाही, "जे खळांची व्यंकटी सांडो" म्हटलं. वाकडेपणा गळावा, माणूस राहावा. तुमच्या ऑगस्टीनच्या उणिवेच्या जवळ जातंय हे.

मिरजकर
वारकरीबुवा, व्यंकटीचं मनापासून पटलं. कर्माचा हिशेब मात्र येशू नाकारतो. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? तो म्हणतो, दोघांचंही नाही. लूकच्या तेराव्यात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती बाकीच्यांपेक्षा अधिक पापी होती का? तर नाही.

पाटणकर, बुरूज का पडला ते येशू तिथंही सांगत नाही. माझ्याकडेही उत्तर नाही.

जुना मंडळीकर
बाळा, तू बोलतोस चांगलं, पण मीठ कुणाचं खाल्लंस ते विसरलास. १८९४ साली मिरजेत दवाखाना काढणारे डॉ. वानलेस प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनचे. त्या पंथाचं सतराव्या शतकातलं वेस्टमिन्स्टरचं विश्वासकथन काढून वाच. जे जे घडतं ते देवानं अनादिकाळापासून ठरवलेलं आहे, आणि तरी तो पापाचा कर्ता नाही, दोन्ही एकाच वाक्यात. इरॅस्मस या विद्वानानं १५२४ ला इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली तर प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरनं पुढच्या वर्षी उत्तर दिलं की माणसाची इच्छा ओझ्याच्या जनावरासारखी, देव बसला तर तिकडे जाते, सैतान बसला तर इकडे.

आणि ऑगस्टीन अर्धाच सांगितलास. नासपतीच्या त्याच हकिकतीत तो म्हणतो की मी एकटा असतो तर हे केलं नसतं. माणूस स्वतःच्या बळावर पापमुक्त राहू शकतो म्हणणाऱ्या पेलागियसशी तो पुढे भांडला, आणि ४१८ च्या कार्थेजच्या धर्मसभेनं ती शिकवण धुडकावली. आता मला सांग, त्या रात्री तू एकटा असतास तर घड तोडले असतेस?

मिरजकर
नसते तोडले, काका.

कृष्णाकाठ
मग स्वातंत्र्य कुठं होतं? चौघांत वाटून पाव-पाव?

जुना मंडळीकर
हसू नका. नेमकं तेच म्हणतोय. बेडी पायात असते आणि चालणाराही आपणच असतो. प्रेषित पौलानं रोमकरांना पत्रात हेच लिहिलं, की चांगलं करावंसं वाटतं ते होत नाही आणि नको ते वाईट हातून होतं. झाड का लावलं याला यातून उत्तर मिळत नाही, ठाऊक आहे मला. साठ वर्षं देवळात बसतोय.

मिरजकर
पुढच्या रविवारी शिलोहाचा बुरूज घेतो. झाडाचं परत विचारलं तर खेळण्याचा दाखला द्यायचा नाही, एवढं ठरवलंय.

कृष्णाकाठ
विचारणारच ती. बाकी, त्या बागवाल्याला द्राक्षांचे पैसे दिलेत का कधी?

मिरजकर
नाही. बाग काढली त्यांनी. आता तिथं प्लॉट पडलेत. विहीर बुजवलीय.