कॉन्फिडन्स इंटरव्हल, पी-व्हॅल्यू सगळं पाठ आहे पण निष्कर्ष लिहिताना अडतं, पेपर जवळ आलाय

हळदपेठ_सांगली

नमस्कार. सांगलीत बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, मेन सब्जेक्ट केमिस्ट्री पण संख्याशास्त्राचा एक पेपर आहेच आणि त्यातलं इन्फरन्सचं (थोड्या नमुन्यावरून सगळ्याबद्दल अंदाज बांधायचं) युनिट काही केल्या डोक्यात बसत नाहीये. फॉर्म्युले पाठ आहेत, आकडे घातले की उत्तर पण येतं, पण शेवटी ‘निष्कर्ष लिहा’ आलं की पेन थांबतं. सरावाला असलं एक गणित आहे: बेदाण्याच्या पेटीवर १५ किलो लिहिलंय, ३६ पेट्या वजन केल्या, सरासरी १४.९ किलो आली, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.३, तर ५% लेव्हलला दावा तपासा आणि ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल काढा. मी झेड काढला, −२ आला, ५% साठीच्या टेबलातल्या १.९६ च्या पलीकडं गेला म्हणून दावा रिजेक्ट. इंटरव्हल १४.८०२ ते १४.९९८. आता हॉस्टेलवर वाद लागलाय. एक जण म्हणतो ‘खरी सरासरी या दोन आकड्यांत असण्याची शक्यता ९५%’ असं लिहायचं, दुसरा म्हणतो असं लिहिलं की मार्क जातात, तिसरा म्हणतो हे झेडचं गणितच नाही, टीचं आहे. कुणीतरी नीट सांगा की, नुसता नियम नको, का ते पण सांगा.

मिरज_प्लॅटफॉर्म

आधी एक गोष्ट पक्की कर, बाकी सगळं तिथूनच निघतं. ०.३ हा आकडा एकेका पेटीचं वजन किती मागंपुढं होतं ते सांगतो. पण तुझा प्रश्न एका पेटीबद्दल नाहीच, सरासरीबद्दल आहे. आता असं धर की तुझ्या वर्गातल्या प्रत्येकानं त्याच गोदामातून आपापल्या ३६ पेट्या काढल्या, प्रत्येकाची सरासरी वेगळी येणार ना, कुणाची १४.९, कुणाची १५.०२, कुणाची १४.९५. त्या सरासऱ्या एकमेकींपासून किती लांब पसरतात ते म्हणजे स्टँडर्ड एरर. ०.३ भागिले ३६ चं वर्गमूळ, म्हणजे ०.०५. पेट्या ०.३ नं हलतात, सरासरी फक्त ०.०५ नं हलते. हे ज्याला दिसलं त्याला इन्फरन्स निम्मं कळलं असं मी मनापासून म्हणतो, कारण झेड म्हणजे दुसरं काहीच नाही, तुझी सरासरी १५ पासून किती स्टँडर्ड एरर लांब आहे, तर दोन.

आता इंटरव्हल. गोदामातल्या सगळ्या पेट्यांची खरी सरासरी हा एकच ठरलेला आकडा आहे, आपल्याला माहीत नाही एवढंच, पण तो हलत नाही. हलतो तो इंटरव्हल, कारण प्रत्येकाच्या ३६ पेट्या वेगळ्या. ९५% ही त्या पद्धतीची ताकद आहे, असे खूप इंटरव्हल काढत गेलं तर त्यातल्या सुमारे ९५% मध्ये खरी सरासरी सापडते. तुझ्या हातातला १४.८०२ ते १४.९९८ हा एक इंटरव्हल, त्यात ती आहे किंवा नाही, तिथं शक्यता उरलेली नाही. म्हणून पेपरात लिही: ‘या पद्धतीनं वारंवार नमुने घेऊन इंटरव्हल काढले तर सुमारे ९५% इंटरव्हलमध्ये पॉप्युलेशन मीन येईल, आपल्या नमुन्यावरून मिळालेला इंटरव्हल अमुक’. दुसऱ्या मित्राचं बरोबर आहे.

पी-व्हॅल्यूचं पण तसंच. खरी सरासरी १५ च आहे असं धरून चाललो तर १५ पासून इतका किंवा याहून जास्त लांबचा आकडा नुसत्या नमुन्याच्या फरकानं मिळण्याची शक्यता. झेड −२ ला दोन्ही बाजू धरून ती साधारण ०.०४६. नल हायपोथेसिस (म्हणजे ‘सरासरी १५ च’ हा दावा) खरं असण्याची शक्यता ४.६% असं कृपा करून लिहू नको, सगळ्यात जास्त मार्क तिथंच जातात.

कराड_संगम

वरचं उत्तर चांगलं आहे, झेड का टी त्याबद्दल मी लिहितो, कारण या गणितात तो नुसता पुस्तकी वाद नाही, उत्तरच बदलतं. ०.३ हे पॉप्युलेशनचं, म्हणजे सगळ्या पेट्यांचं, आधीच ठाऊक असलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन (सिग्मा) असेल तर झेड. पण ‘३६ पेट्या वजन केल्या आणि त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.३’ असं असेल तर तो एस आहे, स्वतःच नमुन्यातून काढलेला अंदाज, त्यात अजून एक अनिश्चितता मिसळली, म्हणून टी, डिग्री ऑफ फ्रीडम (नमुन्यापेक्षा एक कमी) ३५. टेबलात ५% ला दोन्ही बाजूंनी २.०३० मिळतं. तुझा −२ त्याच्या आतच राहिला, म्हणजे रिजेक्ट होत नाही. इंटरव्हल १४.७९८५ ते १५.००१५, त्यात १५ येतो. पी-व्हॅल्यू ०.०५३ च्या आसपास. बऱ्याच ठिकाणी ३० च्या वर नमुना असला की झेड चालवतात, तसं शिकवलं असेल तर तसंच सोडव पण ‘नमुना मोठा असल्याने झेड वापरला’ ही ओळ लिही.

हे टीचं टेबल गॉसेट या माणसाच्या कामातून आलं, डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात होता, तिथं नमुने लहानच असायचे, १९०८ ला त्यानं ‘स्टुडंट’ नावानं लेख छापला म्हणून स्टुडंट्स टी. आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल ज्यांनी १९३७ ला मांडला त्या नेमन यांच्याकडं लंडनमध्ये आपल्या खटाव तालुक्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे शिकले. पुढं सुखात्मेंनी भारतात पीक कापणीच्या सर्वेवर काम केलं, सगळी शेतं न कापता रँडम निवडलेल्या थोड्या प्लॉटवरून जिल्ह्याचं उत्पादन किती ते सांगायचं, म्हणजे तू जे शिकतोयस तेच. सातारा जिल्ह्यातल्या पोरांना हे नाव माहीत असायला पाहिजे असं मला फार वाटतं.

तासगाव_बेदाणा

गणितातलं मला जास्त कळत नाही पण पेट्यांचं कळतं. कोल्ड स्टोरेजला थप्पीच्या पुढच्याच ३६ पेट्या उचलल्या तर त्या बहुतेक एकाच दिवशी एकाच काट्यावर भरलेल्या निघतात, त्यावरून सगळ्या मालाचं कसं सांगणार? सौद्याला पण जाणता व्यापारी समोरची पेटी बघून गप्प बसत नाही, मधली काढायला लावतो.

मिरज_प्लॅटफॉर्म

तासगावकरांनी एकदम मुद्द्याचं सांगितलं. ०.३ भागिले वर्गमूळ हा सगळा हिशोब नमुना रँडम आहे या एका अटीवर उभा आहे. ती अट मोडली तर ३६ च्या जागी ३६०० पेट्या घेतल्या तरी उपयोग नाही, चुकीच्या आकड्याभोवतीच इंटरव्हल अरुंद होत जाईल. ‘गृहीतके लिहा’ आलं की पहिली ओळ हीच.

हळदपेठ_सांगली

खूप खूप आभार सगळ्यांचे, स्टँडर्ड एररचं आत्ता पहिल्यांदा कळलं. अजून एक, टीनं रिजेक्ट झालं नाही तर ‘नल ॲक्सेप्ट, पेट्या १५ किलोच्याच आहेत’ असं लिहू का?

कराड_संगम

नको. ‘दावा नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ एवढंच लिही. का ते आकड्यात बघ. समजा खरी सरासरी खरोखरच १४.९ आहे, म्हणजे पेटीमागं १०० ग्रॅम कमी भरतंय, सिग्मा ०.३ माहीत आणि नमुना ३६, तर ५% ची दोन्ही बाजूंची झेड टेस्ट तो फरक जेमतेम ५२% वेळाच पकडते. जवळजवळ निम्म्या वेळा माल कमी असूनही टेस्ट गप्प राहणार, हाच टाइप टू एरर. नमुना चौपट म्हणजे १४४ केला की स्टँडर्ड एरर ०.०२५ होतो आणि तोच फरक ९८% वेळा पकडला जातो. मग ३६ पेट्यांवर गप्प राहिलेल्या टेस्टवरून ‘१५ च आहे’ असं कसं म्हणायचं?

आणि प्रश्न नीट वाच. ‘वजन १५ पेक्षा वेगळं आहे का’ विचारलं तर दोन्ही बाजू, पण ‘कमी भरतं अशी तक्रार आहे, तपासा’ असं असेल तर एकच बाजू, मग टीचा आकडा १.६९० आणि तुझा −२ त्याच्या पलीकडं जातो, म्हणजे रिजेक्ट. पेट्या त्याच, वजनं तीच, फक्त प्रश्न वेगळा. बाजू प्रश्नाच्या शब्दांवरून ठरव, −२ आल्यावर नाही, आणि उत्तराच्या पहिल्याच ओळीत दोन्ही हायपोथेसिस, नल आणि त्याच्या विरुद्धचं, लिहून टाक.