खाणीजवळच्या विहिरीचं पाणी संत्र्याला चालेल का? रिपोर्ट कसा वाचायचा?

वणीची_मुलुंडात
माहेर वणी तालुक्यातलं, राहते मुलुंडला. काकांच्या शेताला लागूनच कोळशाच्या खुल्या खाणीचा मातीचा ढीग आहे. विहिरीचं पाणी हल्ली मचूळ लागतं. काकांचं म्हणणं, "कपाशीले चालते ना, मंग झालं." पण आता त्यांना ड्रिपवर संत्रा लावायचाय, म्हणून दिवाळीला गेले तेव्हा बाटली भरून आणली आणि ठाण्यातल्या लॅबमध्ये दिली.

सामू (पीएच) 7.6, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) 1780 मायक्रोसीमेन्स, सोडियम 140, कॅल्शियम 121, मॅग्नेशियम 71, बायकार्बोनेट 425, सल्फेट 380 (सोडियमपासून पुढचे मिलिग्रॅम प्रति लिटर).

लॅबने पिण्याच्या पाण्याचं आयएस 10500 लावून "सल्फेट, हार्डनेस जास्त" असा शेरा मारला. खाणीचा माणूस काकांना म्हणतो, आमचे रिपोर्ट नॉर्मल. पाणी पीत कोणीच नाही हो, मला संत्र्याचं सांगा.

जुना_केमिस्ट_विक्रोळी
ताई, तो शेरा बाजूला ठेवा, आकडे कामाचे आहेत. सोडियमला 23 ने, कॅल्शियमला 20 ने, मॅग्नेशियमला 12.15 ने, बायकार्बोनेटला 61 ने भागा. आले 6.1, 6, 5.8 आणि 7. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याचं वर्गमूळ काढून त्याने सोडियमला भागलं की एसएआर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती ते, तुमचा 2.5. बायकार्बोनेटमधून ती बेरीज वजा केली की आरएससी, म्हणजे उरलेलं बायकार्बोनेट, तो चक्क ऋण. म्हणजे जमीन चोपण होण्याची भीती आज तरी नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सिंचनाच्या 'ई' वर्गात ईसी 2250 पर्यंत, एसएआर 26 पर्यंत आणि बोरॉन 2 पर्यंत चालतो. (काळ्या जमिनीत 26? मी दहालाच हात आखडता घेईन.) त्यात तुम्ही बसता. पण हा वर्ग पीक बघत नाही. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) 1985 च्या तक्त्यात पाण्याची ईसी 5100 पर्यंत असली तरी कपाशीचं उत्पादन घटत नाही, सोयाबीनला 3300 पर्यंत. संत्र्याला मर्यादा फक्त 1100, आणि 1600 ला दहा टक्के घट. काका कपाशीपुरते बरोबर आहेत.

शिवाय एवढ्या बायकार्बोनेटने ड्रिपर चुन्याने बुजतील. अधूनमधून आम्ल सोडावं लागेल.

भूजल_कल्याण
"नॉर्मल" कुठल्या विहिरीचं आणि कुठल्या महिन्याचं, ते आधी विचारा. खाणीच्या पर्यावरण मंजुरीत बहुतेकदा पातळी मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारीत मोजायची आणि गुणवत्ता मे महिन्यात तपासायची अट असते. मंजुरीपत्र पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधा. सहामाही अनुपालन अहवालही मागा. काकांची विहीर त्यांच्या यादीत नसेल तर त्यांचा नॉर्मल तुमच्या काय कामाचा? आणि तुमचा नमुना पावसाळ्यानंतरचा आहे. मे महिन्यात ईसी याहून चढलेली निघू शकते.

सामू 7.6 बघूनही निर्धास्त होऊ नका. ढिगातल्या पायराइटला (लोह-गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागलं की आम्ल होतं, वाटेतला चुना ते मारतो. सामू जागेवर राहतो, सल्फेट आणि हार्डनेस मात्र वाढतात. तुमच्याकडे दोन्ही जास्त आहेत. तरी एका रिपोर्टवर खाणीला दोष देता येणार नाही. ढिगापासून चढाच्या बाजूच्या एखाद्या विहिरीचा नमुना त्याच दिवशी घ्या, तिथे सल्फेट कमी निघालं तर बोलायला आधार मिळेल. बोरॉन आणि मँगनीज राहिलेत, तेही करून घ्या. मँगनीजसाठी लॅबकडून आम्ल घातलेली वेगळी बाटली मागा. सामू विहिरीवरच मीटरने मोजा, मुंबईपर्यंतच्या प्रवासात तो बदलतो.

बोरिवलीचा_वऱ्हाडी
बाटली मुंबईला आणायची गरजच काय? यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि संत्रा लावायचाच तर शेततळं करा. पावसाच्या पाण्याची ईसी शंभराच्या आतच असते, निम्मं-निम्मं मिसळलं तर साडेनऊशेच्या आसपास येईल.

वणीची_मुलुंडात
हे काकांना पटेल, शेततळ्याचं त्यांच्या मनात होतंच. मे महिन्यात दोन्ही विहिरींचे नमुने घेते, तोवर रोपं घेऊ नका म्हणून आजच फोन करते. अस्तराचा कागद किती मायक्रॉनचा घ्यायचा?

बोरिवलीचा_वऱ्हाडी
500, आयएसआय मार्क बघून. आणि भोवती कुंपण आधी, पाणी मग. गुरं-पोरं घसरतात त्या प्लास्टिकवर.