मतदारसंघ कोणी आखायचे? टेक्सास, कॅलिफोर्निया आणि अमेरिकेतली सीमारेषांची लढाई

सीमारेषा

ऑगस्ट 2025 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने दशक अर्ध्यावर आलेलं असताना अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाचे मतदारसंघ नव्याने आखले. आखणी जनगणनेनंतर, म्हणजे दहा वर्षांतून एकदा करायची असा रिवाज आहे आणि 2020 च्या जनगणनेवर ती 2021 मध्ये झालीही होती. या वेळचा हेतू कोणी लपवलासुद्धा नाही. राज्यातल्या 38 पैकी 25 जागा रिपब्लिकनांकडे आहेत, त्या 30 करायच्या. टेक्सास विधिमंडळाच्या 150 जणांच्या सभागृहात कोरमला 100 हजर लागतात. तो मोडायला डेमोक्रॅट आमदार इलिनॉयला निघून गेले, गैरहजेरीला दिवसाला 500 डॉलर दंड होता, शेवटी परतले आणि नकाशा मंजूर झाला. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने 4 नोव्हेंबरला प्रस्ताव 50 वर, म्हणजे नव्या नकाशावर, लोकांचं मतदान घेतलं. सुमारे 64 टक्क्यांनी तो संमत झाला आणि नागरिक आयोगाचा (आमदारांऐवजी मतदारसंघ आखणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा) नकाशा 2030 पर्यंत बाजूला पडला. तिथे डेमोक्रॅटांच्या पाच जागा वाढवण्याचा बेत आहे.

माझं म्हणणं असं की दोन्ही राज्यांनी मतदाराचा हक्क मारला. आखणी आमदारांच्या हातून काढून घेतल्याशिवाय हे थांबणार नाही.

हे नेमकं कसं करतात ते सांगतो. 500 मतदार, 100-100 चे पाच मतदारसंघ धरा. ‘अ’ पक्षाचे 275, ‘ब’चे 225. आखणी ‘ब’च्या हातात आहे. तो ‘अ’चे 95 मतदार एकाच मतदारसंघात कोंबतो, याला पॅकिंग म्हणतात. उरलेले 180 चार ठिकाणी 45-45 असे फोडतो, हे क्रॅकिंग. त्या चारही ठिकाणी ‘ब’ 55-45 ने जिंकतो. 45 टक्के मतांत पाचपैकी चार जागा! आता वाया गेलेली मतं मोजा. जिंकायला 51 पुरतात, म्हणजे पहिल्या जागी ‘अ’ची 44 जास्तीची मतं वाया आणि हरलेल्या चार जागांची 180, एकूण 224. ‘ब’ची वाया गेलेली मतं फक्त 21. फरक 203, म्हणजे एकूण मतांच्या 40 टक्क्यांहून जास्त. अभ्यासक याच फरकाला ‘एफिशियन्सी गॅप’ म्हणतात.

प्रत्यक्षात एका मतदारसंघात सरासरी 7,61,000 लोक असतात. जनगणनेचे छोटे ब्लॉक आणि मतदान केंद्रनिहाय जुने निकाल संगणकावर एकत्र घातले की रस्त्याची डावी बाजू एका मतदारसंघात आणि उजवी दुसऱ्यात टाकता येते. 2012 मध्ये पेनसिल्व्हेनियात निम्म्याहून जास्त मतं मिळवूनही डेमोक्रॅटांना 18 पैकी 5 जागा मिळाल्या, त्या अशाच. तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नकाशा रद्द केला आणि त्याच वर्षी निकाल 9-9 लागला.

याचा खरा परिणाम प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत दिसतो. जागा सुरक्षित झाली की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती उरते. उमेदवाराला भीती असते ती स्वतःच्याच पक्षातल्या जास्त कडव्या माणसाची. दुसऱ्या पक्षाशी तडजोड केली की तिकीट धोक्यात. अमेरिकेतली फूट यातूनच पोसली जाते.

ऑस्टिनकर

@सीमारेषा, गणित चोख मांडलंत, पण ‘दोन्ही राज्यांनी’ हा शब्द मला मान्य नाही. सुरुवात कोणी केली ते बघा. कॅलिफोर्नियाने लोकांना विचारून नकाशा बदलला, मुदतही घातली. टेक्सासमध्ये मतदाराला कोणी विचारलं?

आणि एकतर्फी शस्त्रं खाली ठेवायची तरी किती वर्षं? मार्च 2021 मध्ये प्रतिनिधीगृहाने सगळ्या राज्यांना स्वतंत्र आयोग सक्तीचा करणारं विधेयक मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये एकाही रिपब्लिकनाने साथ दिली नाही. त्याआधी 2019 मध्ये ‘रुचो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 5-4 ने सांगून टाकलं होतं की पक्षीय आखणीचा निवाडा संघीय न्यायालयं करणार नाहीत. न्यायालयाची वाट बंद, कायद्याचीही बंद. मग कॅलिफोर्नियाने हात बांधून घेतले की 435 जणांचं प्रतिनिधीगृह टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिनाची रिपब्लिकन विधिमंडळं ठरवणार. याला न्याय म्हणायचं का?

घटनाप्रेमी

मी रिपब्लिकनांच्या बाजूने लिहितो आहे, तेव्हा आधी आकडे घ्या. 2024 मध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना 38 टक्के मतं होती आणि रिपब्लिकनांकडे 52 पैकी 9 जागा, म्हणजे 17 टक्के. ही प्रस्ताव 50 च्या आधीची, ‘निष्पक्ष’ आयोगाची आखणी. इलिनॉयमध्ये 17 पैकी 14 जागा डेमोक्रॅटांच्या. मेरीलँडमध्ये 8 पैकी 7, आणि 2011 च्या तिथल्या तिसऱ्या मतदारसंघाला एका न्यायाधीशाने पंख मोडलेल्या टेरोडॅक्टिलची (उडणाऱ्या प्रागैतिहासिक प्राण्याची) उपमा दिली होती. ‘सुरुवात टेक्सासने केली’ हे म्हणणं सोयीचं आहे, इतकंच.

प्रस्ताव 50 ने काय केलं तेही नकाशावर बघा. ईशान्य कोपऱ्यातली मोडोक काउंटी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) म्हणजे गुरं पाळणाऱ्यांचा विरळ वस्तीचा डोंगराळ मुलूख. ती मरीनसोबत एका मतदारसंघात घातली. मरीन म्हणजे गोल्डन गेट पूल ओलांडला की लागणारं श्रीमंत उपनगर. पाणी, वणवे, लांडगे, रुग्णालयं, या कशावरच दोघांच्या गरजा जुळत नाहीत. मोडोकच्या माणसाने गाऱ्हाणं कोणाकडे न्यायचं?

राज्यघटनेच्या पहिल्या कलमाच्या चौथ्या विभागाने निवडणुकीची रीत ठरवायचं काम राज्य विधिमंडळांना दिलं, कारण त्यांना लोक घरी पाठवू शकतात. ती आपणहून थांबूही शकतात. इंडियानात वरून केवढा दबाव होता, तरी डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या सिनेटने नवा नकाशा 31-19 ने फेटाळला. फेटाळणाऱ्या 31 जणांत 21 रिपब्लिकन होते. आयोगाच्या सदस्याला मतदार कसा काढणार?

जनगणक

मूळ लेखातल्या शेवटच्या परिच्छेदाशी मी असहमत आहे. फूट आखणीतून पोसली जाते, तर सिनेटचं काय? तिथे प्रत्येक राज्यातून दोन सिनेटर अख्ख्या राज्याच्या मतांवर निवडून येतात, आणि राज्यांच्या सीमा कोणी बदलत नाही. तरी 1980 च्या आसपास जवळपास निम्म्या राज्यांत एक सिनेटर या पक्षाचा, एक त्या पक्षाचा असायचा. आज अशी तीनच राज्यं उरलीत: मेन, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन. मेनमधले एक सिनेटर तर अपक्ष आहेत, डेमोक्रॅटांसोबत बसतात म्हणून ते राज्य यात धरायचं.

लोकच वेगवेगळे राहायला लागलेत. डेमोक्रॅट शहरांत दाटीने राहतात, म्हणजे कोणी न आखताच त्यांचं पॅकिंग होतं. याच्या उलट मॅसॅच्युसेट्स. तिथे साधारण तिसरा हिस्सा मतं रिपब्लिकनांना पडतात, पण ती राज्यभर इतकी सारखी पसरलेली आहेत की नऊच्या नऊ जागा डेमोक्रॅटांना जातात, आणि प्रामाणिकपणे आखायला बसलात तरी एक खात्रीची रिपब्लिकन जागा काढणं महाकठीण. @घटनाप्रेमी, कॅलिफोर्नियाच्या तुमच्या 17 टक्क्यांतही या भूगोलाचा वाटा मोठा आहे. टक्केवारी आणि जागा यांची तफावत दिसली की लगेच लबाडी झाली असं ठरवता येत नाही.

सीमारेषा

@जनगणक, सिनेटचा मुद्दा वजनदार आहे. आखणी हे एकमेव कारण नाही हे मान्य. पण ज्या कारणावर कायद्याने इलाज करता येतो ते हेच आहे.

@घटनाप्रेमी, ‘लोक आमदारांना घरी पाठवू शकतात’ म्हणता, पण त्या आमदारांचे मतदारसंघ कोण आखतं? तेच! 2018 मध्ये विस्कॉन्सिनच्या असेंब्लीत डेमोक्रॅटांना सुमारे 53 टक्के मतं पडली आणि 99 पैकी 36 जागा मिळाल्या. कोणाला घरी पाठवणार?

आयोग कसा नेमतात यावर सगळं अवलंबून असतं. कॅलिफोर्नियाची मूळ पद्धत बघा. सरकारी लेखापरीक्षक अर्ज छाननी करून 60 जण निवडतात. विधिमंडळातले पक्षनेते त्यातले 24 पर्यंत काढू शकतात. उरलेल्यांतून सोडतीने 8 जण, आणि ते आठ जण बाकीचे 6 निवडतात. एकूण 14: पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन, चार कोणाचेच नाहीत. नकाशाला 9 मतं लागतात, तीही तिन्ही गटांतून किमान तीन-तीन. एकट्या गटाला रेटून नेता येत नाही. याउलट व्हर्जिनियाने 16 जणांच्या आयोगात 8 आमदारच बसवले. 2021 मध्ये तो आयोग दोन तुकड्यांत अडकला आणि नकाशे शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी काढले. आमदार आत घेतलेत की आयोग फसतो, हा त्यातला धडा.

आयोवा तर आयोगाशिवाय चालवतं. विधिमंडळाच्या सेवेतले निष्पक्ष कर्मचारी नकाशा काढतात. त्यांना पक्षांची आकडेवारी आणि विद्यमान खासदारांचे पत्ते बघायला बंदी, काउंटी फोडायची नाही. पहिल्या दोन नकाशांवर विधिमंडळाने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. चारही जागा सध्या रिपब्लिकनांकडे आहेत, पण 2020 मध्ये तिथली एक जागा 6 मतांनी ठरली. सहा!

डेट्रॉईटवाला

आयोगाची दुसरी बाजू मिशिगनमध्ये दिसते. 2018 च्या सार्वमताने तिथे 13 जणांचा नागरिक आयोग आला: चार-चार दोन्ही पक्षांचे, पाच अपक्ष. पक्षीय समतोल साधायला त्याने डेट्रॉईटची कृष्णवर्णीय वस्ती चकत्या करून उपनगरांना जोडली. पक्षाच्या हिशेबाने नकाशा सुधारला, पण डिसेंबर 2023 मध्ये संघीय न्यायालयाने राज्य विधिमंडळाचे 13 मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून रद्द ठरवले.

खासदारकीतही तेच. 13 व्या मतदारसंघात 2022 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते, मतं विभागली आणि 30 टक्क्यांहून कमी मतांवर श्री ठाणेदार निवडून आले. बेळगावात वाढलेला मराठी माणूस अमेरिकन काँग्रेसमध्ये गेला याचा आपल्याला आनंद आहेच. पण 1950 च्या दशकानंतर पहिल्यांदाच डेट्रॉईटला एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही, याचं दुःख त्या शहरात किती खोल आहे तेही समजून घ्यायला हवं. ठाणेदारांचा यात काही दोष नाही. एकगठ्ठा वस्ती फोडली की तिचा आवाज विखुरतो. अलाबामात उलट झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या ‘मिलिगन’ निकालानंतर सातपैकी आणखी एक मतदारसंघ असा आखला गेला की कृष्णवर्णीय मतदारांना आपला माणूस निवडता येईल, आणि 2024 मध्ये त्यांनी तो निवडला. आयोग असो की विधिमंडळ, या कसोटीवर त्यांना तपासायलाच हवं.

चौकटीबाहेर

सगळे जण रेषा कुठे ओढायची यावर भांडता आहात. एका मतदारसंघातून एकच माणूस, हे सूत्र आहे तोवर रेषा सोन्याची राहणार. हे सूत्र घटनेत नाही. ते 1967 च्या साध्या कायद्यात आहे, म्हणजे काँग्रेस साध्या कायद्याने बदलू शकते.

इलिनॉयच्या विधानसभेत 1870 पासून 1980 पर्यंत तीन सदस्यांचे मतदारसंघ होते. प्रत्येकाला तीन मतं, हवी तर तिन्ही एकाच उमेदवाराला. त्यामुळे डेमोक्रॅटांचा गड असलेल्या शिकागोतूनही रिपब्लिकन निवडून यायचे आणि दक्षिणेच्या शेतकरी भागातून डेमोक्रॅट. 1980 मध्ये खर्च कपातीच्या नावाखाली 177 चं सभागृह 118 वर आणलं आणि एकसदस्यीय केलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, बहुसदस्यीय प्रभाग आपल्याकडेही आहेत. पण महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड या जागांना वेगवेगळं मत असतं, त्यामुळे एकच पॅनल चारही जागा नेऊ शकतं. मतांच्या प्रमाणात जागा हव्या असतील तर मोजणीची पद्धतही बदलावी लागते.

ऑस्टिनकर

@चौकटीबाहेर, मला हे पटतं, पण ज्या काँग्रेसला साधा आयोग झेपला नाही ती हे करणार कधी?

टेक्सासबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. तिथे 9, 28, 32, 34 आणि 35 हे पाच मतदारसंघ लक्ष्य होते. त्यातले 28 आणि 34 दक्षिणेचे, आणि त्यांचं गणित 2024 मध्ये ट्रम्पकडे वळलेल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मतदारांवर उभं आहे. मूळ लेखातलं 55-45 चं उदाहरण आठवा. हवा सहा टक्क्यांनी फिरली की चारही जागा एकदम जातात. जॉर्जियात 2001 मध्ये डेमोक्रॅटांनी अशाच काठावरच्या जागा आखल्या होत्या आणि त्या त्यांच्यावरच उलटल्या.

घटनाप्रेमी

तो धोका टेक्सासच्या रिपब्लिकनांनी डोळे उघडे ठेवून पत्करला आहे. मी एका गोष्टीला तयार आहे: दोन जनगणनांच्या मध्ये आखणीला देशभर बंदी. त्याच चौथ्या विभागाने काँग्रेसला राज्यांचे नियम बदलायचा अधिकार दिला आहे, आणि असं विधेयक ऑगस्ट 2025 मध्ये कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन खासदार केव्हिन काइली यांनीच मांडलं.

सीमारेषा

इथून सुरुवात करायला माझी हरकत नाही. आयोगाचा आग्रह मी सोडणार नाही, पण दशकातून एकदाच आखणी एवढं जरी झालं तरी प्रत्येक निवडणुकीआधी नकाशा फाडायची सवय लागणार नाही.

ऑस्टिनकर

बंदी 2025 चे सगळे नकाशे रद्द करून लागू झाली तर माझा पाठिंबा. टेक्सासचा नकाशा ठेवून पुढच्यांना बंदी घालणार असाल, तर नाही.