प्रतिसाद: इस्लामी वारसा कायदा आणि ‘पाश्चात्त्य’ समानता

वर एकांनी लिहिलंय की इस्लामी कायदा मुलीला मुलाच्या अर्धाच वाटा देतो, पाश्चात्त्य कायदा आधीपासून समान. पहिला भाग खरा आहे आणि आजच्या काळात तो मला अन्यायच वाटतो. पण दुसरा? इंग्लंडमध्ये 1925 च्या कायद्यापर्यंत मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे जायची. लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता बाळगायचा पुरता हक्क तिथे 1882 मध्ये आला. इस्लामी कायद्यात तो शेकडो वर्षं आधीपासून होता, मेहरही (लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) तिचाच.

हिशेब बघा. सुन्नी माणूस 8 लाख ठेवून गेला, मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. बायकोला 1 लाख, मुलाला साडेतीन, मुलींना पावणेदोन-पावणेदोन. मृत्युपत्र केलं तरी ते साधारण एक तृतीयांशापुरतंच. इंग्लंडमध्ये बाप सगळं कुणालाही देऊ शकतो. फ्रान्समध्ये मात्र मुलांचा राखीव हिस्सा असतो. म्हणजे ‘पाश्चात्त्य’ ही एक चीज नाहीच.

आता आपल्याकडचं. मुसलमानांच्या वारशाला इस्लामी कायदा लावणाऱ्या 1937 च्या शरियत कायद्याच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे. आमच्या यवतमाळकडे घरातली खरी मालमत्ता म्हणजे वावर, आणि वाद तिथेच होतात. हिंदू असो की मुसलमान, फेरफाराच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. “माहेर तुटू नये” म्हणून ती सही करते, सातबाऱ्यावर भावांचीच नावं राहतात. हे कुठल्याच धर्मग्रंथात लिहिलेलं नाही. चर्चा करायची तर या सहीचीही करा ना भाऊ!