व्हिडिओ गेमची जुनी यंत्रे जपावीत की भंगारात जाऊ द्यावीत?

मूळ मत (लातूर) : गंजगोलाईजवळच्या एका बंद पार्लरमधील चार यंत्रे भंगारात निघाली आहेत. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, ज्याला आपल्याकडे त्यातील एका पात्रावरून सगळे ‘मुस्तफा’ म्हणत, तो आम्ही याच यंत्रांवर रुपयाचे नाणे टाकून खेळलो. त्यांपैकी एक तरी यंत्र चालू स्थितीत सार्वजनिक वाचनालयात किंवा तंत्रनिकेतनात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

विरोधी मत (परभणी) : मला हे पटत नाही. त्या खोल्यांमध्ये शाळा बुडवून, घरातले पैसे चोरून मुले जात असत. माझा थोरला भाऊ त्यांपैकीच एक होता आणि त्यापायी वडिलांनी सोसलेला मनस्ताप मी पाहिला आहे. मुलींना तर तिथे पाऊल ठेवणेही शक्य नव्हते. शिवाय खेळ कुठे हरवले आहेत? ‘मेम’ हा संगणकावर जुने खेळ चालवणारा प्रकल्प १९९७ पासून हेच काम करत आहे. आपल्याकडची बहुतेक यंत्रे तर नकली बोर्डांचीच (खेळ ज्यात भरलेला असतो त्या सर्किटपट्ट्यांचीच) होती. वाचनालयांना पुस्तके घ्यायला पैसा पुरत नसताना हा खर्च कशासाठी?

मूळ लेखकाचे उत्तर : मुलींविषयी आपण जे लिहिले ते खरे आहे आणि यंत्राशेजारच्या माहितीफलकावर तेही लिहिले गेले पाहिजे. मात्र बोर्ड नकली होते, हेच मला जपणुकीचे सर्वांत मोठे कारण वाटते. अस्सल यंत्रे अमेरिकेत रॉचेस्टरच्या ‘द स्ट्राँग’ संग्रहालयात जपली जातात. परंतु गावच्या सुताराने प्लायवूड आणि सनमायका लावून केलेली पेटी, तिच्यात बसवलेली घरगुती टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि कुठूनतरी आलेला नकली बोर्ड, हा आपला मेळ तिथे कोण ठेवणार? ‘मेम’मध्ये खेळ उरतो, पेटी उरत नाही.

तिसरे मत (नांदेड, दुरुस्ती-व्यावसायिक) : खर्चाची भीती थोडी अवाजवी आहे. १९८५ मध्ये जपानमध्ये ठरलेल्या ‘जामा’ या ५६ पिनांच्या जोडणीमुळे एकाच पेटीत त्या पद्धतीचा कोणताही बोर्ड बसतो. म्हणून चार यंत्रे राखण्याऐवजी एक पेटी आणि चारही बोर्ड राखावेत. खरी अडचण पिक्चर ट्यूबची आहे, कारण तसा नवा माल बाजारात मिळत नाही.

विरोधी मत (परभणी) : एक पेटी, लोकवर्गणीतून, आणि तो फलक असेल तर माझा विरोध राहणार नाही. सार्वजनिक निधीला मात्र आहे.

तिसरे मत (नांदेड) : वर्गणीचे ठरेपर्यंत पेटी ओलीपासून दूर ठेवा आणि मागचे झाकण कोणालाही उघडू देऊ नका. वीज बंद केल्यानंतरही ट्यूबमध्ये उच्च दाबाचा विद्युतभार साठून राहतो, आणि हलवाहलवीत सर्वांत आधी फुटते ती तिची मान, म्हणजे मागचा अरुंद भाग.